वरची जाळी

"निळी आहे," वहिनी म्हणाली.

"पूर्ण निळी? की टोकाला पिवळी?" तात्यांनी विचारलं.

"पूर्ण निळी. आवाजही एकसारखा येतोय."

"शाबास!"

वहिनी गाडीच्या कडेला गुडघे टेकून बसली होती. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तात्यांचा दाढीचा छोटा आरसा. आमच्या गाडीत फ्रीज होता आणि त्याच्या पाठीमागे, बाहेरच्या पत्र्याला, दोन जाळ्या होत्या. एक खाली, एक वर. खालची जाळी काढली की आत गॅसची बारीक ज्योत दिसायची. ती बघणं, बर्नर ब्रशने साफ करणं, वरच्या जाळीत धुराची नळी मोकळी आहे ना ते तपासणं, हे सगळं तीन वर्षं माझं काम होतं. अठ्ठ्याण्णव सालच्या त्या मे महिन्यात ते वहिनीकडे गेलं. मी गवंड्याची बुडबुड्याची लेव्हल हातात धरून नुसती उभी होते.

"हेमे, गाडी सपाट आहे ना बघ," तात्या माझ्याकडे न बघताच म्हणाले.

मी लेव्हल फ्रीजमध्ये ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये होता. पुन्हा कोणी विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही.

तात्या म्हणजे माझे वडील. देवगड बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं फोरमन म्हणून काढली. मी अकरा वर्षांची असताना आई गेली. भाऊ माझ्यापेक्षा मोठा, तो शाळा सुटली की मैदानावर. मला घरी एकटीला ठेवायला नको म्हणून तात्या कारखान्यात घेऊन जायचे. अमोनियाचा उग्र वास, बर्फाच्या लाद्या सरकल्याचा आवाज आणि "हेमे, हे बघ" असं म्हणून कसला तरी व्हॉल्व्ह दाखवणारे तात्या, यातच मी मोठी झाले. माझ्या वयाच्या मुली मेंदीचे कोन धरायला शिकत होत्या, तेव्हा मला गळका सांधा साबणाच्या फेसाने कसा शोधायचा ते येत होतं.

निवृत्त झाल्यावर तात्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि दोन वर्षं खपून तिचं फिरतं घर केलं. चार जणांना झोपायची सोय, छोटा ओटा, वर पाण्याची टाकी. फ्रीज मिळाला तो गोव्यात, मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी जोडप्याकडून. तो घरातल्या फ्रीजसारखा नव्हता. त्याला कॉम्प्रेसर नाही, घरघर नाही. वीज असेल तर विजेवर चालायचा, नसेल तर गॅसच्या ज्योतीवर. त्या उष्णतेने नळ्यांतला अमोनिया उकळायचा, वर जायचा, पुन्हा द्रव व्हायचा आणि खाली येताना आतली उष्णता ओढून घ्यायचा, म्हणून गाडी सपाट लागायची. "हा आगीवर बर्फ करतो," असं तात्या येईल त्याला सांगायचे. तो फ्रीज गाडीत बसवला तेव्हा त्याच्या मागची फट चंदेरी चिकटपट्टीने मी बंद केली होती. धूर आत येऊ नये म्हणून.

मग भाऊचं लग्न झालं. सुलक्षणा वहिनी गडहिंग्लजची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बीएस्सी फिजिक्स. लग्नानंतर महिन्याभरात तिने तात्यांना विचारलं, "तात्या, ज्योत लहान केली तर जास्त गार होईल की कमी?"

तात्या दोन तास बोलत होते. मी आतून ऐकत होते. हेच सगळं त्यांनी मला मी बारा वर्षांची असताना सांगितलं होतं. मी तेव्हा मान डोलावली होती. वहिनी मान डोलावत नव्हती. ती उलट प्रश्न विचारत होती. मध्येच तात्या म्हणाले, "अगं, हे मला कधी सुचलंच नाही," आणि मोठ्याने हसले. तसं हसताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

वहिनी वाईट असती तर किती सोपं झालं असतं. ती मला वन्सं म्हणायची, माझ्या पानात आधी वाढायची, माझे केस विंचरून द्यायची. मी बोटं मोडत तिच्यात काही खोट सापडते का ते बघत राहायचे.

त्या मे महिन्यात आम्ही चौघं गुहागरच्या अलीकडे मयेकरांच्या वाडीत गेलो होतो. मयेकर तात्यांचे कारखान्यातले जुने सोबती. त्यांच्या वाडीला लागून सुरूचं बन होतं, बनापलीकडे समुद्र. पंपाच्या खोलीतून वायर ओढून आम्हाला वीज मिळाली, म्हणून गॅस बंद करून फ्रीज विजेवर टाकला. वहिनीला चौथा महिना लागला होता. भाऊ तिला पायरी उतरतानासुद्धा हात द्यायचा.

रोज दुपारी चार वाजता कोकम सरबत आणि त्यात आपल्या फ्रीजचा बर्फ, हा तात्यांचा प्रवासातला नेम होता. पहिल्या दिवशी सरबत पिता पिता ते सहज म्हणाले, "चिपळूणच्या स्थळाचं पत्र आलंय. हेमाचं या वर्षी उरकून टाकू. गाडीची आता काळजी नाही. सुलक्षणा आहे."

"मी कसली, तात्या! वन्संना सगळं येतं," वहिनी म्हणाली.

"येतं गं. पण ती आता दुसऱ्या घरची. तू इथलीच."

ग्लासात बर्फाचे दोन तुकडे होते. ते विरघळेपर्यंत मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडीच्या मागच्या बाजूला सावलीत तांदूळ निवडत बसले होते. न्हाणीच्या ओल्या मातीवरून एक कुंभारीण माशी उडाली. लांब, बारीक कमरेची. तोंडात मातीची गोळी. ती सरळ आमच्या फ्रीजच्या वरच्या जाळीत शिरली. थोड्या वेळाने रिकामी बाहेर आली, पुन्हा मातीवर गेली, पुन्हा जाळीत. तांदूळ निवडून होईपर्यंत मी तिच्या अकरा खेपा मोजल्या.

ती काय करते आहे ते मला पक्कं माहीत होतं. आदल्या वर्षी आमच्या न्हाणीघराची नळी तिनेच लिंपून टाकली होती. धुराच्या नळीत घर झालं तर ज्योतीला नीट ओढ मिळणार नाही, ज्योत पिवळी पडेल, फ्रीज गार होणार नाही.

मी तांदळाचं सूप उचललं आणि आत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली. पंपाचंच काही जळलं होतं. तात्या म्हणाले, "सुलक्षणा, गॅसवर घे. पण दोन दिवस बंद होता. आधी दोन्ही जाळ्या उघडून बघ. स्टुलावर मात्र चढायचं नाही."

वहिनीने खालची जाळी काढून बर्नर झाडला. मग वरची जाळी भाऊकडून काढून घेतली, आरसा काठीला बांधला, वर धरला, टॉर्च मारला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. आरशात नळीचं तोंड दिसायचं. पण तोंडाच्या आत नळी वळत होती, आणि त्या वळणापलीकडे आरसा पोचत नव्हता. पूर्वी मी स्टुलावर चढून वाकडी तार आत घालायचे. ती माझी सवय होती, तात्यांनी शिकवलेली नव्हे. कोणाला सांगायची वेळ आली नव्हती.

"मोकळी आहे," वहिनी म्हणाली.

"नीट बघितलंस?"

"हो, तात्या. दोनदा."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं असेलही. त्यांनी पाहिलं नाही.

ज्योत पेटली. सुरुवातीला निळीच होती. तात्या आणि भाऊ मयेकरांच्या जीपमधून पंपाचं सामान आणायला निघाले. जाता जाता तात्या ओरडले, "चारपर्यंत बर्फ झाला पाहिजे हं, सुलक्षणा!"

"दोन साचे भरून ठेवलेत," तिने हसत सांगितलं.

जेवण झाल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, जरा पडते. डोकं दुखतंय." वारा सुटला होता, वाळू आत येत होती. तिने गाडीच्या काचा लावल्या, दार ओढलं. मी बाहेर सुरूखाली चटई टाकली.

मी वाट बघत होते. चार वाजता तात्या साचा उघडतील आणि त्यातून पाणी सांडेल, याची. मग ते मला हाक मारतील. मी स्टुलावर चढेन, तार घालेन, मातीचा गोळा काढून त्यांच्या हातावर ठेवेन. मनातल्या मनात मी तो प्रसंग तीन-चारदा रंगवला. प्रत्येक वेळी त्यात वहिनी खाली मान घालून उभी होती.

दोनच्या सुमारास मी उठून खालची जाळी काढून डोकावले. ज्योत पिवळी झाली होती. आळसावल्यासारखी हलत होती, टोकाला काजळी धरत होती. मला आनंद झाला. मला दुसरा कोणताही शब्द वापरता येत नाही. मी पुन्हा चटईवर येऊन बसले.

अर्ध्या तासाने आतून हाक आली. "वन्सं..." आवाज जडावलेला होता. "पाणी देता?"

माझ्या मनात आलं, दिवस गेलेत म्हणून किती ते लाड. मी लगेच उठले नाही. मग आत स्टीलचा पेला पडला, गडगडत गेला आणि थांबला. त्यानंतर काहीच आवाज नाही.

मी जाळीकडे बघितलं. पत्र्यावर काळा पट्टा उमटला होता. आणि तेव्हा, पहिल्यांदा, माझ्या डोक्यात आलं: धूर वर जात नाही. मग तो जातोय कुठे?

दार उघडलं तर कोंदट, उग्र ऊब तोंडावर आली. डोळे चुरचुरले. फ्रीजच्या मागची माझी चंदेरी पट्टी प्रवासाच्या धक्क्यांनी सुटून लोंबत होती. वहिनी खाली पडली होती. चेहरा लालबुंद, ओठांना ओकारी लागलेली. डोळे उघडे होते, पण तिला मी दिसत नव्हते. मी तिला काखेत हात घालून ओढलं. ती सडपातळ होती, तरी तेव्हा गोणीसारखी जड झाली होती. दाराच्या पायरीवर तिची टाच आपटली, ती कण्हली नाही. सुरूखाली तिला आडवं करून मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला, काचा उघडल्या, परत आले, तिच्या तोंडावर पाणी मारलं.

"वहिनी! वहिनी, अगं डोळे उघड! सुलक्षणा!"

तिने माझा हात धरला आणि पुटपुटली, "बाळ..."

जीप तेवढ्यात आली हे नशीब. तालुक्याच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी भाऊला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून थोडा वेळ आत राहिल्या असत्या तर कठीण होतं. बाळाचं आत्ताच सांगता येत नाही. आठ दिवस बघू."

ते आठ दिवस मी काही खाल्लं की नाही, आठवत नाही. आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकले आणि म्हणाल्या, "घोड्यासारखे पळताहेत." भाऊ दवाखान्याच्या ओट्यावर बसून हमसून रडला. मग उठून माझ्यासमोर आला आणि भर लोकांत माझ्या पायांना हात लावला. माझ्याहून मोठा भाऊ.

तात्यांनी त्या धुराच्या नळीतून मातीचं घर काढलं तेव्हा मी तिथेच होते. गोळा फुटला आणि आतून हिरव्या अळ्या पडल्या. माशीने पिल्लांसाठी साठवलेल्या, निपचित, पण जिवंत. तात्या त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी वहिनीला विचारलं. रागावून नाही. त्यांना रागवायला जमलंच नसतं.

"पोरी, वरची जाळी बघितली होतीस ना?"

वहिनी माझ्या बाजूलाच बसली होती. "बघितली होती, तात्या. मोकळी दिसली होती." मग थांबली. "म्हणजे, मला वाटलं मोकळी आहे. नीट बघितलं नसेल मी."

"असू दे. होतं असं," तात्या म्हणाले. "यापुढे तू त्यात पडू नकोस. हेमा बघेल." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माझ्या लेकीने घर राखलं."

मला हवं होतं ते सगळं मिळालं. चिपळूणचं स्थळ जमलं नाही, पुढचंही कुठलं जमलं नाही. गाडी माझ्याकडे राहिली. तात्या जाईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं, आम्ही दोघं कुठे कुठे गेलो. हंपी, बदामी, पार कन्याकुमारी. ज्योत मीच लावायची, बर्फ मीच काढायची. भाऊ अधूनमधून यायचा. वहिनी कधीच आली नाही.

आणि वहिनी बदलली. ऑक्टोबरात चारुता झाली, गुटगुटीत, धडधाकट, आणि वहिनी तिच्यात रमली, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. घरातून निघताना ती शेगडीचं बटण तीनदा बघायची. कडी लावली का म्हणून अर्ध्या वाटेतून परतायची. "हिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही," असं म्हणून भाऊ हसायचा, ती पण हसायची. गावातल्या हायस्कुलात प्रयोगशाळेत शिकवायची नोकरी चालून आली, ती तिने नाकारली. तात्यांनी कारण विचारलं तर म्हणाली, "तिथे बर्नर असतात, तात्या. मुलांचा जीव. माझ्याने नाही व्हायचं." तात्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. त्यांना ते पटलं, हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं.

तात्या जाऊन दोन वर्षं झाली होती. चारुता सतरा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत तिने हट्ट धरला, "आत्या, मला फ्रीज लावायला शिकव."

मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "नको. तू त्याला हात लावू नकोस. आपल्याला तेवढी नजर नाही. आत्यालाच करू दे."

आपल्याला. तिने मुलीलाही त्यात धरलं.

चारुता फुरंगटून आत गेली. वहिनी मागच्या पायरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. माशीच्या अकरा खेपा, वळणाची नळी, माझी तार, पिवळी ज्योत.

ती शेंगा सोलत होती. हात मध्येच थांबले.

"म्हणजे मी बघितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"नीट बघितलं होतं."

"आरशात दिसण्यासारखं नव्हतंच ते."

तिने हातातली अर्धी शेंग टोपलीत टाकली. मग म्हणाली, "ज्योत पिवळी दिसल्यावर किती वेळ बसलात?"

"अर्धा तास."

"धूर आत येईल हे माहीत होतं?"

"नाही. देवाशपथ नाही. फक्त बर्फ होऊ नये एवढंच..."

"बर्फ," ती म्हणाली.

मी वाट बघत राहिले. ती ओरडेल, शेंगा फेकेल, भाऊला हाक मारेल. मला ते चाललं असतं. मी म्हटलं, "वहिनी, मला माफ कर, असं कुठल्या तोंडाने म्हणू? पण तू म्हणशील तर मी भाऊला सांगते. चारूला सांगते."

"त्यांचं काय," ती म्हणाली. "तात्यांना सांगायचं होतंस, हेमा."

सतरा-अठरा वर्षांत तिने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

"तात्या गेले गं."

"तेच म्हणतेय मी."

तिने पदर झाडला, शेंगांची टोपली माझ्या बाजूला सरकवली आणि आत गेली. थोड्या वेळाने अंगणातून तिचा आवाज आला. "चारू, ये. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ये. आधी खालची जाळी."

"आई? तू?"

"ये म्हटलं ना."

मी उठले नाही. मला कोणी बोलावलं नव्हतं. पायरीवर बसून मी नुसती ऐकत होते. गाडी सपाट आहे का ते बघणं, बर्नर झाडणं, दोन्ही जाळ्या, मग नळीच्या वळणात वाकडी तार. ही तार तिला तासाभरापूर्वीच कळली होती. मग गॅस, मग ज्योत धरेपर्यंत बटण दाबून मोजलेले वीस आकडे. अठ्ठ्याण्णवनंतर हात न लावलेल्या बाईचं कुठेही काही अडलं नाही. चारुताने काहीतरी विचारलं, मला नीट ऐकू आलं नाही, पण तो चांगला प्रश्न असणार, कारण वहिनी मोकळेपणाने हसली.

मी शेंगा सोलायला घेतल्या. मनावरचं ओझं उतरेल, असं वाटलं होतं. ते उतरलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्या घटकेला त्या दोघींचे आवाज ऐकत मला जे वाटलं, ते मला नीट ओळखीचं होतं. मला तिचा हेवा वाटला.